कव्हरांचा रविवार

तारक्कानं पहाटे अंगणात पाणी मारतानाच ठरवलं होतं, की आज सांगून टाकायचं. भाऊ आले, हातपाय धुतले, की चहाच्या आधीच सांगायचं. एकदा चहा पोटात गेला की थोरले सन्मती अण्णा मायेनं बोलायला लागतात, आणि मायेनं बोलणाऱ्या माणसासमोर तारक्काची जीभ टाळ्याला चिकटते, हा तिचा त्रेसष्ट वर्षांचा अनुभव.

पण चहा झाला. बिनकांद्याचं उप्पीट झालं. धाकट्या भरमूनं दुसरा चहा मागितला, तोही झाला. आणि तारक्का आपली मूग गिळून खाकी कागद कापत बसलेली.

सांगायचं ते तरी काय मोठं होतं? एका ओळीचं काम. ‘मला दुकान बंद करायचंय.’ बस्स. पण ज्या दिवशी सांगायचं, तो दिवसच नेमका कव्हरांचा रविवार होता, त्याला ती तरी काय करणार!

मे महिन्यातला शेवटून दुसरा रविवार म्हणजे ‘पद्मराज बुक डेपो’च्या घराण्यात कव्हरांचा रविवार. आप्पांनी, म्हणजे तारक्काच्या वडिलांनी, घालून दिलेली रीत. कर्नाटकातल्या शाळा जूनच्या तोंडावर उघडतात, तेव्हा त्याआधी सगळ्या घरानं निपाणीच्या दुकानाच्या माडीवर जमायचं, खाकी कागद कापायचा, घड्या घालायच्या, आणि वह्या घेणाऱ्या प्रत्येक पोराला मापाची कव्हरं फुकट द्यायची. पाच दुकानांची कव्हरं एका दिवसात व्हायची तेव्हा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर आणि बेळगावात थेट खडेबाजार! सुना, लेकी, जावई, पाहुणे, सगळे मांडी घालून बसायचे. एका जावयानं तर लग्नाच्या पहिल्या वर्षी ‘मला कागद कापता येत न्हाय’ म्हटलं होतं, त्याला जन्मभर ‘कातरीजावई’ म्हणायचे लोक.

आता शाळाच सगळं देते. वही देते, पुस्तक देते, वर प्लास्टिकचं कव्हर देते, आणि पायमोजेसुद्धा देते. त्यातून राहिलं ते मोबाईलवर मागवलं की दारात. मग दुकानांनी काय करावं? खानापूरचं आधी गेलं. संकेश्वरला आता चष्मे मिळतात. चिकोडीचं भरमूनं झेरॉक्सच्या मशीनवर दोन वर्षं रेटलं, मग मशीनही विकलं. खडेबाजारातलं सन्मती अण्णांनी गेल्या दिवाळीत एका रेडिमेड कपडेवाल्याच्या हवाली केलं. राहिलं निपाणीचं, पहिलं, आणि त्यात बसलेली तारक्का.

ती बसली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. सासर संकेश्वरचं, नवरा तीन वर्षांत गेला, आणि आप्पा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. रडारड झाल्यावर आप्पा म्हणाले होते, “माहेराला आलीस असं समजू नको पोरी, दुकानाला आलीस समज.” गल्ल्यावर बसवून त्यांनी एकच शिस्त लावली: विकायचं पुस्तक उघडून वाचायचं नाही, पान मुडपतं, गिऱ्हाईक नाक मुरडतं. छत्तीस वर्षं तिनं ती पाळली. हजारो कादंबऱ्या हातांतून गेल्या आणि प्रत्येकीची फक्त पाठ वाचून झाली. पाठीवरच्या मजकुराची परीक्षा घेतली असती तर तारक्का कर्नाटकात पहिली आली असती.

आणि आता खानापूरहून नागुबाई हाका मारत होती. नागुबाई तिची शाळेतली मैत्रीण, मास्तरीण म्हणून रिटायर झालेली. घराला दोन खोल्या जास्तीच्या, मागं रान, पावसात बाहेर पडायचं नाव नाही. फोनवर तिचं एकच पालुपद: “ये गं आता. किती दिवस लोकांस्नी पुस्तकं देत बसशील? एखादं आपण वाच की!” हे ऐकून तारक्काला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग त्या रात्री झोपच लागली नाही. इतकं साधं काहीतरी आपल्याला इतकं हवंय, हे तिला माहीतच नव्हतं.

पण आप्पा कागदावर लिहून गेले होते, की निपाणीचं दुकान तिघा भावंडांच्या एकमतानं चालेल आणि तिघांच्या एकमतानंच बंद होईल. म्हणून सांगणं भाग होतं.

“तारा, कातर ठेव जरा खाली,” सन्मती अण्णा खाकरून म्हणाले. “आम्ही एक ठरवलंय.”

अण्णा एकाहत्तरचे, पांढरीशुभ्र टोपी, आवाज अजून खणखणीत. त्यांच्या शेजारी त्यांची बायको अक्काताई आंबे चाचपून बघत होत्या. पलीकडं भरमू. खिडकीत अण्णांचा मुलगा विक्रम मोबाईलवर सारखा काहीतरी बघत होता, आणि त्याची बायको प्रिया एकटीच मन लावून घड्या घालत होती.

“त्या मोबाईल शोरूमवाल्याचा फोन आलता मला,” अण्णा म्हणाले. “बाजारपेठेतली मोक्याची जागा हाय, भाड्यानं द्या म्हणाला. मी सरळ सांगितलं, जीव गेला तरी देणार न्हाय! आमची तारा बसलीया तिथं. बाकीची गेली ती गेली, निपाणीचं बंद व्हायचं न्हाय. आप्पांचं नाव हाय ते.”

तारक्कानं कातर खाली ठेवली. “अण्णा, मला इचारायचं तरी होतंस.”

“तुला काय इचारायचं? तुझ्या मनातलं मला ठावं न्हाय व्हय?”

आता याला काय म्हणावं! मनातलं ओळखणारा भाऊ मिळणं भाग्याचं खरं, पण तो भलतंच ओळखत असेल तर?

तिनं भरमूकडं पाहिलं. तासाभरापूर्वीच जिन्यात त्यानं तिचा हात धरून कुजबुजत सांगितलं होतं, “आक्का, देऊन टाकू या गं शोरूमवाल्याला. मी तुझ्या बाजूनं हाय.” ती त्याच्याकडं बघत राहिली. भरमूनं आंब्याची फोड तोंडात घातली, अण्णांकडं पाहिलं आणि मान डोलावली.

“व्हय व्हय. आप्पांचं नाव म्हंजे काय चेष्टा हाय?”

भरमू म्हणजे वारा येईल तिकडं पाठ. लहानपणी भांडणातसुद्धा तो दोन्ही बाजूंनी मार खायचा.

“आत्ती, तू टेन्शनच घेऊ नको,” विक्रम खिडकीतून उठला. “आपण दुकान रीलाँच करायचं. काचेचा दरवाजा, आत बसायला दोन खुर्च्या, फिल्टर कॉफी. तू गल्ल्यावर बसून जुन्या गोष्टी सांगायच्या, मी त्याचे रील करणार. लोक असलं लई बघतात. आणि एक सरप्राईज आहे, येईलच एवढ्यात.”

“मी जुन्या गोष्टी सांगायच्या?”

“व्हय. तू म्हणजे आपला ब्रँड आहेस!”

प्रियानं घडी घालता घालता वर पाहिलं आणि तारक्काचा चेहरा बघून तिचा हात थांबला. “आत्तींना आवडलंय का हे, ते तरी विचारा,” ती हळूच म्हणाली.

“न आवडायला काय झालं?” तिघे पुरुष एकदम म्हणाले.

तेवढ्यात खाली टेंपोचा हॉर्न वाजला, आणि विक्रम जिना उतरून पळालाच.

टेंपोवाल्यानं मागची फळी पाडली तेव्हा अख्खी बाजारपेठ बघायला उभी. नायलॉनच्या सुतळीनं बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे. दुकानात चाळीस वर्षं काम करणारा यल्लाप्पा एक गठ्ठा खांद्यावर घेऊन आला आणि पायरीवर टेकवून ‘अय्यय्यो’ करत उभा राहिला. मागून अण्णा, भरमू, अक्काताई, प्रिया, सगळे उतरले.

“मराठी मीडियमची गाईडं!” विक्रमनं हात पसरले. “पाचवी ते दहावी, सगळे विषय. शाळा पुस्तकं देते, पण गाईड देत नाही. म्हटलं, इथंच गॅप आहे. कोल्हापुरातनं डायरेक्ट उचललं. होलसेलवाला माल परत घेणार नाही म्हणाला, पण परत करायला लागणारच नाही आपल्याला. एका आठवड्यात संपणार, बघाच!”

अण्णांचा ऊर भरून आला. “आप्पांचा गुण उतरलाय पोरात,” ते टोपी सारखी करत म्हणाले. भरमूनं लगेच विक्रमच्या पाठीवर थाप मारली.

तारक्कानं कातरीनं सुतळी कापली. छत्तीस वर्षांची सवय; गठ्ठा सुटला की बोटं आपोआप पाठींवरून फिरतात. गणित. विज्ञान. इतिहास. भूगोल. हिंदी. इंग्रजी. तिची बोटं शेवटापर्यंत गेली आणि पुन्हा सुरुवातीला आली.

“विकी,” ती म्हणाली, “कन्नडचं गाईड कुठाय?”

“कन्नड? मराठी मीडियमला कन्नड कशाला?”

यल्लाप्पानं डोक्याला हात लावला आणि तसाच पायरीवर बसला.

“अरं, हितल्या मराठी शाळंतल्या पोरांस्नी कन्नड असतंय की रं!” भरमू ओरडला. “माझी सगळी शाळा त्या कन्नडानं खाल्ली!”

“हे महाराष्ट्र बोर्डाचं हाय, लेकरा,” तारक्का म्हणाली. तिला त्याची दया आली. “आपण कर्नाटकात हाय.”

“पण मराठीच आहे ना?”

“मराठीच हाय. सरकार दुसरं हाय.”

विक्रमनं गाईड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बेळगावात इंग्लिश मीडियम, मग बेंगळूरला कॉलेज. मराठी म्हणजे घरात बोलायची, एवढंच त्याला ठाऊक. मराठी शाळेला दोन राज्यं असतात, दोन बोर्डं असतात, कागलच्या पोराचा इतिहास वेगळा आणि दहा-बारा मैलांवरच्या निपाणीच्या पोराचा वेगळा, हे त्याला कोण सांगणार? पुस्तकविक्याच्या घरात हे सांगायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“तिसरी पिढी!” अण्णा गरजले. “तिसरी पिढी पुस्तकाच्या धंद्यात, आणि बोर्ड कुठलं कळंना! आप्पा असते तर चाबकानं फोडला असता तुला!”

“मगाशी तर आप्पांचा गुण उतरला होता,” अक्काताई आंबा पुसत म्हणाल्या.

“मी तेव्हाच म्हणणार होतो,” भरमू म्हणाला, “पोराच्या हातात कारभार देऊ नये.”

प्रियानं पदर तोंडाला लावला. आधी वाटलं ती रडते की काय, मग कळलं की हसते आहे. तिचं बघून तारक्कालाही हसू फुटलं, आणि विक्रमचा चेहरा आणखीच पडला. नको नको म्हणता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “आत्ती, मला खरंच तुझ्यासाठी करायचं होतं गं,” तो म्हणाला.

“ठावं हाय मला. उगी. टेंपोवाल्याला सोडू नको, चहा पाज त्याला.”

तिनं कनवटीची चष्म्याची डबी काढली, चष्मा लावला आणि मोबाईलवर नंबर शोधला. कागलच्या मारुतीरावांचा. त्यांचं तिथं एस.टी. स्टँडजवळ पुस्तकांचं दुकान. धंद्यातली ओळख तीस वर्षांची.

“काय ओ तारक्का!” पलीकडून आवाज एवढा मोठा, की सगळ्यांना ऐकू आला. “आज कुठं वाट चुकला?”

“मी न्हाय चुकले, मारुतीराव. गाईडं चुकल्यात. बॉर्डर वलांडून अलीकडं आल्यात.”

“म्हंजे?”

“म्हंजे तुमच्या बोर्डाची गाईडं माझ्या दारात उभी हायत. पाचवी ते दहावी. तुमच्या शाळा अजून तीन आठवडं लांब. माल भरलासा का अजून?”

“कुठला ओ! परवा कोल्हापूरला जाणार होतो.”

“जाऊ नका. कोल्हापूरच येतंय तुमच्या दारात. कोगनोळीचा नाका ओलांडला की टेंपोवाला तुम्हांला फोन करंल.”

मारुतीराव खो खो हसले. “पण हे झालं कसं? तुमच्याकडनं असली चूक? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!”

तारक्कानं विक्रमकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

“वय झालं ओ,” ती म्हणाली. “माझ्याच हातनं ऑर्डर चुकली.”

विक्रमनं झटकन वर पाहिलं.

“बरं, सगळाच माल घेऊ म्हणता?” मारुतीराव पलीकडून म्हणाले.

“सगळाच घ्या. उरलं तर तुमच्या मेव्हण्याचं गडहिंग्लजला दुकान हाय की. आन् दहावीचं राखून ठेवा, ऑगस्टात लोक मागत येतात. दराचं तुम्ही आमच्या विक्रमशी बोला. पोराला जरा घासाघीस शिकवा, पर लई रडवू नका.”

तासाभरात टेंपो वळला. टेंपोवाला कुरकुरत होता, पण यल्लाप्पानं त्याच्यासाठी अर्धा डझन आंबे पुढच्या सीटवर ठेवले आणि तो गप्प झाला. बाजारपेठ पांगली.

खोटं कशाला बोला, तारक्काला मजा आली होती. गाल तापले होते, कमरेवर हात ठेवून ती दुकानाच्या मधोमध उभी होती. असल्या अडचणी सोडवण्यातच तर तिची जिंदगी गेली. आणि तिथंच तिचा घात झाला.

“बघितलंस?” अण्णा सगळ्यांकडं विजयी मुद्रेनं बघत म्हणाले. “एका फोनवर! हिच्याशिवाय दुकान न्हाय आणि दुकानाशिवाय ही न्हाय. अजून धा वर्षं तरी निपाणीची काळजी न्हाय, मी लिहून देतो!”

दहा वर्षं. तारक्कानं हिशेब केला, त्र्याहत्तर. तोवर नागुबाई तरी असेल का?

“यल्लाप्पा,” ती एकदम म्हणाली, “तू तरी सांग रं. अजून धा वर्षं जमतंय काय तुला?”

पायरीवर गुडघा चोळत बसलेल्या यल्लाप्पानं दचकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत मालकांच्या बोलण्यात त्याला कुणी मत विचारलं नव्हतं. “मी काय सांगू आक्का?”

“खरं सांग.”

“खरं सांगायचं तर...” त्यानं अण्णांकडं एकदा बघून घेतलं. “गुडघा लई दुखतोय. उचगावला लेक हाय माझी, तीन वर्षं झाली बोलावतीया. नातवाला खेळवत बसा म्हणतीया. पर म्हंटलं, आक्का एकटी, आपण गेलो तर शिडीवर कोण चढणार? म्हणून ऱ्हायलो.”

“अरं देवा! आन् मी म्हणत होते, दुकान मिटलं तर यल्लाप्पा कुठं जाईल या वयात! तुझ्यासाठी म्हणून मी दोन वर्षं ढकललं!”

“माझ्यासाठी?”

“मग कुणासाठी?”

दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागली. आता बोललं नाही तर कधीच नाही. तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवला आणि गल्ल्यावर ठेवला.

“अण्णा, भरमू, ऐका. मला दुकान बंद करायचंय.”

अण्णांनी आधी किल्ल्यांकडं पाहिलं, मग विक्रमकडं.

“रागावलीस व्हय विकीवर?” अण्णा म्हणाले.

“कुणावर रागावले न्हाय. विकीचं सरप्राईज यायच्या आधीपासनं ठरवलंय. खानापूरला नागुबाईकडं जाऊन ऱ्हाणार हाय मी. पुस्तकं वाचणार हाय. छत्तीस वर्षं नुसत्या पाठी वाचल्या, आता पोट फाडून वाचणार.”

“तारा, अगं पर आप्पांचं नाव...”

“आप्पांचं नाव तुमचंबी हाय की!” तिचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून तिलाच नवल वाटलं. “खानापूर गेलं, तवा म्हणालासा, निपाणी हाय. संकेश्वर गेलं, तवा म्हणालासा, निपाणी हाय. भरमूनं मशीन इकलं. तू खडेबाजार दिलास. परत्येकानं आपापलं मिटवलं, मोकळा झाला, आन् नाव तेवढं माझ्या डोक्यावर ठेवून घराला गेला. वर्षातनं एकदा येता, कव्हरं घालता, आंबे खाता, आन् ‘अजून तसंच हाय गं सगळं’ म्हणत जाता. तुमच्यासाठी तसंच हाय. मी न्हाय तशी! मलाबी मोकळं व्हायचंय.”

भरमूनं तोंडातली फोड गिळली. त्याची मान खाली गेली. “आक्का खरं बोलतीया,” तो पुटपुटला, आणि जन्मात पहिल्यांदा आधी अण्णांकडं न बघता बोलला.

“किल्ल्या हितं हायत,” तारक्का म्हणाली. “ज्याला नाव पाहिजे त्यानं उचलाव्या. मी एक शब्द बोलणार न्हाय.”

किल्ल्या गल्ल्यावर पडून राहिल्या. विक्रमचा हात जरासा पुढं झाला, तशी प्रिया म्हणाली, “आधी बोर्ड पाठ करा,” आणि तो हात मागं गेला. प्रिया तारक्काजवळ येऊन उभी राहिली. “आमच्या लेकीच्या शाळेत सगळा सेट शाळाच देते, आत्ती. या वर्षी मीच साधी पेन्सिलसुद्धा दुकानातनं घेतली नाही. मला तरी तुम्हाला बसा म्हणायचा काय हक्क आहे?”

अण्णा पेटले. “म्हणजे सगळे एका बाजूला झालासा! मी एकटाच...”

“पुरे आता,” अक्काताई म्हणाल्या. त्या मोठ्यानं कधी बोलत नसत, म्हणून सगळे गप्प झाले. “तारे, मी सांगते तुला खरं. आमचं दुकान बंद झालं तवा मला बरं वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे दुपारी घरात जेवाय लागले. पर बस्तीच्या देवळात दर्शनाला जाताना हे खडेबाजारातनं जात न्हाईत. लांबच्या बोळानं जातात. उन्हातानात, एवढा वळसा घालून. मी इचारलं तर म्हणतात, व्यायाम हाय.”

अण्णांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते एकदम थकलेले दिसले. खुर्ची ओढून ते गल्ल्यासमोर बसले, गिऱ्हाईक बसतात त्या बाजूला.

“मी गेलोच न्हाय त्या दिवशी,” ते म्हणाले. “शेवटच्या दिवशी. अंगात ताप हाय म्हणून पांघरूण घेऊन पडलोतो. विकीला धाडलं. शटर कुणी वढलं, आत काय ऱ्हायलं, आप्पांचा फोटो कुणी काढला, मला काय ठावं न्हाय. ताप नव्हताच मला, तारा.”

“ठावं हाय,” तारक्का म्हणाली.

“तुला कसं?”

“विकीनं फोन केलता मला. फोटो कुठं ठेवू, इचाराय. मीच सांगितलं, हिकडं आण.”

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अक्काताईंनी घड्याळ बघितलं. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची होती, पण त्यांनी हाक मारली नाही.

मग अण्णांनी हात पुढं केला आणि जुडगा उचलला.

“मी बसतो,” ते म्हणाले.

“अण्णा!” भरमू ओरडला. “या वयात?”

“धा वर्षं न्हाय रं. हा एक जून. हाय तो माल संपवतो, ऱ्हायलेल्या वह्या गावातल्या शाळंस्नी वाटून टाकतो. यल्लाप्पा, तू उचगावला जा, शिडीवर भरमू चढंल.”

“मी?” भरमू म्हणाला, पण वाद घातला नाही.

“आन् मग शटर मीच वढतो. एकदा तरी माझ्या हातानं वढू दे. तारा, तू त्याला थांबू नको. तू जा.”

तारक्काचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते वाहू दिले. किती दिवस झाले होते, कुणी तिला ‘तू जा’ म्हणून! पण तोंड कुठलं गप्प बसतंय? नाक पुसत ती सुरूच झाली, “एक तारखेला पोरं सातलाच येतात, अण्णा. कंपासपेट्या डाव्या हाताला हायत, खालच्या फळीवर. चौरेघी वह्या मागतील, त्या...”

“तारा.”

“काय?”

“तू यायच्या आधी बारा वर्षं मी बसत होतो या गल्ल्यावर.”

“व्हय की,” ती म्हणाली, आणि गप्प बसली. मग सगळ्यांनाच हसू आलं, अगदी अण्णांनाही.

अक्काताईंनी माडीवर आमरसाची पानं वाढली. वाढायला उठलेल्या तारक्काला प्रियानं हाताला धरून खाली बसवलं आणि पहिली पोळी तिच्याच पानात टाकली. अण्णा शेजारी बसले. जुडगा त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि मधूनमधून चाचपून बघत होते. दोन घास झाले, आणि त्यांचा हात थांबला.

“आन् पोरं इचारतील की गं. तारक्का कुठाय म्हणून. काय सांगू?”

तारक्कानं घास गिळला.

“सांग, वाचाय बसलीया.”

“आन् कवा येणार म्हणाली, तर?”

“छत्तीस वर्षांचं ऱ्हायलंय म्हणावं,” ती म्हणाली. “लागंल वेळ.”